पदवी स्तरावरील संशोधन आणि तज्ज्ञ-परीक्षित विद्यार्थी नियतकालिके : आदिलाबाद जिल्ह्याच्या संदर्भात

प्रस्तावना

पदवी महाविद्यालयातील कोणत्याही विभागाचे कपाट उघडले तर मागील अनेक वर्षांचे विद्यार्थी-प्रकल्प एकावर एक रचून ठेवलेले दिसतात. ते तपासले गेले, त्यांना गुण मिळाले, काहींना स्पर्धेत पारितोषिकही मिळाले. नॅकची समिती आली तेव्हा ते टेबलावर मांडले गेले आणि समिती गेल्यावर पुन्हा कपाटात गेले. यातील बरेच अहवाल पाठ्यपुस्तकातून उतरवलेले असतात, हे मान्य करावे लागेल. परंतु त्यांतच एखादा अहवाल असा असतो की, त्यातील माहिती अन्यत्र कोठेही नोंदलेली नसते. एखाद्या वृद्ध ओझा कारागिराने सांगितलेली मेणाच्या साच्यात पितळ ओतण्याची रीत, एखाद्या गावातील विहिरींच्या पाण्याची तीन ऋतूंतील नोंद किंवा आठवडी बाजारात कोण कोणाशी कोणत्या भाषेत बोलतो याचे टिपण, अशा गोष्टी विद्यार्थ्याने प्रत्यक्ष जाऊन गोळा केलेल्या असतात. कारागीर वृद्धापकाळाने जातो, विद्यार्थी पदवी घेऊन गाव सोडतो आणि त्या दोघांच्या भेटीची एकमेव नोंद कपाटात राहते.

ही नोंद अभ्यासकांपर्यंत पोहोचवण्याचा एक मार्ग म्हणजे पदवी स्तरावरील विद्यार्थ्यांचे लेख तज्ज्ञांकडून तपासून प्रसिद्ध करणारी संशोधन-नियतकालिके. अशा नियतकालिकाकडे लेख कसा पाठवावा, त्यापूर्वी कोणती तयारी करावी आणि त्यात शिक्षकाची भूमिका कोणती, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे. उदाहरणे प्रामुख्याने तेलंगणातील आदिलाबाद जिल्ह्याची घेतली आहेत. मात्र सीमेच्या अलीकडील यवतमाळ, नांदेड आणि चंद्रपूर या जिल्ह्यांतील महाविद्यालयांची परिस्थितीही फारशी वेगळी नाही.

आदिलाबाद : अभ्यासाची भूमी

आदिलाबाद जिल्ह्यातील महाविद्यालये वरंगळ येथील काकतीय विद्यापीठाशी संलग्न आहेत. पैनगंगेलगतच्या बेला, जैनथ यांसारख्या मंडलांत मराठी बोलणारी कुटुंबे मोठ्या संख्येने आहेत. त्यांच्या शेजारी तेलुगू, उर्दू, गोंडी आणि कोलामी या भाषा नांदतात. एकाच वर्गात चार मातृभाषांचे विद्यार्थी असणे ही येथे नवलाची गोष्ट नाही.

या प्रदेशाच्या संशोधनाची परंपराही जुनी आहे. ऑस्ट्रियन मानववंशशास्त्रज्ञ क्रिस्टोफ फॉन फ्युरर-हायमेनडॉर्फ यांनी १९४० च्या दशकात येथील राजगोंडांमध्ये राहून अभ्यास केला आणि त्यावरील त्यांचा ग्रंथ १९४८ मध्ये प्रसिद्ध झाला. पुढे मराठी वाचकांना इतिहासकार म्हणून परिचित झालेले सेतुमाधवराव पगडी हैदराबाद संस्थानच्या सेवेत असताना येथे होते. आदिलाबादच्या गोंडांवरील त्यांचा इंग्रजी ग्रंथ १९४९ चा आहे. त्यांनी गोंडी भाषेचे व्याकरणही लिहिले. अलीकडचे उदाहरण नारनूर मंडलातील गुंजाळा या गावाचे आहे. तेथील गोंडांकडे असलेली स्वतंत्र लिपीतील हस्तलिखिते २००६ मध्ये अभ्यासकांच्या नजरेस आली. पुढे हैदराबाद विद्यापीठातील अभ्यासकांनी त्यांवर काम केले आणि २०१८ मध्ये 'गुंजाळा गोंडी' या नावाने ही लिपी युनिकोडमध्ये समाविष्ट झाली. म्हणजे एका खेड्यातील घरांत सांभाळलेले कागद संगणकाच्या जागतिक मानकापर्यंत पोहोचले. हा प्रवास शक्य झाला, कारण कोणीतरी ते कागद पाहिले, नोंदवले आणि इतरांना तपासता येतील अशा स्वरूपात मांडले.

पदवीच्या विद्यार्थ्याकडून अशा मोठ्या शोधाची अपेक्षा नाही. परंतु पाहणे, नोंदवणे आणि तपासता येईल असे मांडणे या तीन क्रिया त्यालाही शिकता येतात. शिवाय बाहेरून येणाऱ्या अभ्यासकाला जी भाषा दुभाष्यामार्फत समजून घ्यावी लागते, ती येथील विद्यार्थ्याच्या घरात बोलली जाते. हैदराबाद संस्थानची राजभाषा उर्दू असल्यामुळे त्या काळातील बरेचसे दप्तर उर्दूत आहे. इतिहास विषय घेतलेल्या उर्दू माध्यमाच्या विद्यार्थ्याला ते थेट वाचता येते. हे सामर्थ्य अनेकदा विद्यार्थ्याच्या आणि शिक्षकाच्याही लक्षात येत नाही.

तेलंगणाच्या महाविद्यालयीन शिक्षण आयुक्तालयाने 'जिज्ञासा' या नावाने विद्यार्थ्यांच्या अभ्यास-प्रकल्पांची स्पर्धा सुरू केलेली आहे. शासकीय पदवी महाविद्यालयांतील विद्यार्थी गटाने प्रकल्प करतात आणि निवडक प्रकल्पांचे राज्य स्तरावर सादरीकरण होते. महाराष्ट्रात २००६-०७ पासून भरणारे 'आविष्कार' हे आंतरविद्यापीठीय संशोधन संमेलन याच प्रकारचे आहे. या उपक्रमांमुळे विद्यार्थी संशोधनाकडे वळले, हा त्यांचा मोठा लाभ होय. मात्र स्पर्धेतील सादरीकरण काही मिनिटांत संपते. परीक्षक गुण देतात, पण काय चुकले हे सविस्तर लिहून देत नाहीत. तज्ज्ञ परीक्षणाचे महत्त्व येथून सुरू होते.

तज्ज्ञ परीक्षण म्हणजे काय ?

संपादकाकडे आलेला लेख त्या विषयाच्या एक-दोन जाणकारांकडे मत देण्यासाठी पाठवणे, याला तज्ज्ञ परीक्षण म्हणतात. बहुतेक वेळा परीक्षकाचे नाव लेखकाला कळवले जात नाही. अनेक ठिकाणी लेखकाचे नावही परीक्षकापासून लपवले जाते. त्यामुळे लेखक कोणत्या महाविद्यालयाचा, कोणाचा विद्यार्थी, याचा निर्णयावर परिणाम होत नाही. उतनूरच्या विद्यार्थ्याचा लेख आणि महानगरातील नामांकित महाविद्यालयाच्या विद्यार्थ्याचा लेख परीक्षकासमोर सारख्याच स्वरूपात येतो. लहान गावातील विद्यार्थ्याच्या दृष्टीने ही सामान्य बाब नव्हे.

परीक्षणानंतर साधारणपणे चारपैकी एक निर्णय होतो : लेख आहे तसा स्वीकारणे, किरकोळ दुरुस्त्या सुचवणे, मोठे फेरबदल करून पुन्हा मागवणे किंवा नाकारणे. पहिला निर्णय क्वचितच मिळतो. 'फेरबदल करून पाठवा' हे उत्तर अपयशाचे नसून प्रगतीचे लक्षण आहे, हे विद्यार्थ्याला लेख पाठवण्यापूर्वीच सांगून ठेवणे आवश्यक असते. अन्यथा पहिल्याच पत्राने तो खचतो आणि लेख कायमचा मिटून ठेवतो.

विद्यार्थ्यांसाठीच चालवल्या जाणाऱ्या नियतकालिकांची कल्पना जगात आता रुळलेली आहे. अमेरिकेत पदवी स्तरावरील संशोधनाला चालना देणारी परिषद १९७८ मध्ये स्थापन झाली. विज्ञानाच्या विद्यार्थ्यांनी चालवलेले 'जर्नल ऑफ यंग इन्व्हेस्टिगेटर्स' १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात सुरू झाले. इंग्लंडमधील वॉरविक विद्यापीठाशी निगडित 'रीइन्व्हेन्शन' हे नियतकालिक २००७ पासून निघते आणि ते सर्व विद्याशाखांतील, कोणत्याही देशातील पदवीच्या विद्यार्थ्यांचे लेख विचारात घेते. भारतात दिल्ली विद्यापीठाने २०१५ मध्ये पदवी स्तरावरील संशोधनासाठी स्वतःचे नियतकालिक सुरू केले. त्यात मुख्यतः त्या विद्यापीठाच्या महाविद्यालयांतील प्रकल्प प्रसिद्ध झाले. विधी विद्यापीठांतील विद्यार्थी-संपादित नियतकालिकांची परंपराही आपल्याकडे चांगली रुजली आहे.

नियतकालिकाची पारख

चांगल्या नियतकालिकांबरोबर फसवी नियतकालिकेही वाढली. पैसे घेऊन काही दिवसांत लेख छापणारी, परीक्षणाचे केवळ नाव घेणारी ही प्रकाशने प्रथम शिक्षकांना आणि आता विद्यार्थ्यांनाही गाठतात. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१७ मध्ये मान्यताप्राप्त नियतकालिकांची यादी प्रसिद्ध केली होती. पुण्याचे प्रा. भूषण पटवर्धन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिच्यातील विद्यापीठांनी सुचवलेल्या १००९ नियतकालिकांची छाननी केली. त्यांपैकी ८८ टक्क्यांहून अधिक नियतकालिके मूलभूत निकषांवर उतरत नसल्याचे २०१८ मध्ये 'करंट सायन्स'मध्ये प्रसिद्ध झाले. त्याच वर्षी मे महिन्यात आयोगाने ४,३०५ नियतकालिके यादीतून काढून टाकली. पुढे 'केअर' नावाची नवी सूची आली, परंतु तीही फेब्रुवारी २०२५ मध्ये बंद करण्यात आली. नियतकालिकाची पारख करण्याची जबाबदारी आता संस्थांवर आणि अध्यापकांवर आहे. म्हणून एखादे नियतकालिक आजही 'केअर सूचीतील' अशी जाहिरात करीत असेल, तर तीच सावधगिरीची पहिली सूचना समजावी.

पारख करताना पुढील प्रश्न उपयोगी पडतात.

(१) संपादक मंडळावरील व्यक्ती कोण आहेत? त्यांच्या विद्यापीठाच्या संकेतस्थळावर त्यांची नावे आढळतात काय?

(२) मागील अंक उघडून वाचता येतात काय? किमान तीन लेख वाचून पाहावेत. भाषा, तक्ते आणि संदर्भ यांतच ढोबळ चुका असतील तर परीक्षण झालेले नाही, हे उघड आहे.

(३) परीक्षणाला किती काळ लागतो? प्रामाणिक परीक्षणाला काही आठवडे ते काही महिने लागतात. 'तीन दिवसांत प्रसिद्धी' हे आश्वासन परीक्षण न करण्याचेच आश्वासन होय.

(४) शुल्क आहे काय, असल्यास ते आधी स्पष्ट केले आहे काय? विद्यार्थी नियतकालिके बहुधा विद्यापीठांच्या आश्रयाने चालतात आणि त्यांपैकी अनेक विनाशुल्क असतात. मजुरी करणाऱ्या पालकांच्या मुलाने प्रमाणपत्रासाठी हजार-दोन हजार रुपये भरावेत, असे एकही शैक्षणिक कारण नाही.

(५) नियतकालिक केवळ आयएसएसएन क्रमांकाचा दाखला देते काय? हा आठ अंकी क्रमांक नियतकालिकाची ओळख पटवतो, गुणवत्तेची हमी देत नाही. तो मिळवणे कठीण नसते.

(६) खुल्या नियतकालिकांच्या २००३ पासून चालणाऱ्या आंतरराष्ट्रीय निर्देशिकेत, म्हणजे 'डीओएजे'मध्ये, त्याचे नाव आहे काय? नाव नसल्यास ते वाईटच असे नाही, परंतु असल्यास एक चाळणी पार झालेली असते.

याशिवाय पात्रतेची अट पाहावी. काही नियतकालिके फक्त स्वतःच्या विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांचे लेख घेतात. काही ठिकाणी पदवी मिळाल्यानंतर ठरावीक मुदतीतच लेख पाठवता येतो.

अहवालापासून लेखापर्यंत

प्रकल्पाचा अहवाल आणि शोधनिबंध या दोन भिन्न गोष्टी आहेत. अहवाल विद्यार्थ्याने काय काय केले ते सांगतो, तर शोधनिबंध एका प्रश्नाचे उत्तर देतो. अहवालाचा वाचक गुण देणारा शिक्षक असतो. निबंधाचा वाचक मात्र विद्यार्थ्याला न ओळखणारा आणि आदिलाबाद न पाहिलेला अभ्यासक असतो. हा फरक न समजल्यामुळे अहवालच टंकलिखित करून पाठवला जातो आणि संपादकाच्या पातळीवरच परत येतो.

उदाहरणादाखल एक काल्पनिक प्रकल्प घेता येईल. बी.ए.च्या पाच विद्यार्थ्यांनी इंद्रवेल्लीच्या आठवडी बाजारात जाऊन विक्रेता आणि ग्राहक कोणत्या भाषेत व्यवहार करतात, याची ६० निरीक्षणे टिपली, असे समजावे. अहवालाचे शीर्षक आहे 'आदिलाबाद जिल्ह्यातील भाषांचा अभ्यास'. पहिली बारा पाने जिल्ह्याचा इतिहास, हवामान, धबधबे आणि प्रेक्षणीय स्थळे यांची आहेत. विद्यार्थ्यांनी स्वतः पाहिलेले सर्व काही शेवटच्या सहा पानांत आहे.

निबंध तयार करताना ही रचना उलटी करावी लागते. शीर्षक होईल 'इंद्रवेल्लीच्या आठवडी बाजारातील भाषानिवड : ६० व्यवहारांचे निरीक्षण'. इतिहासाची बारा पाने एका परिच्छेदात येतील, तीही प्रश्न समजण्यास लागतील तेवढीच. नंतर क्रमाने पुढील भाग येतील : प्रश्न कोणता, त्यावर आधी कोणी काय लिहिले आहे, निरीक्षण कोणी, केव्हा, कसे केले, काय आढळले, त्याचा अर्थ काय आणि या अभ्यासाच्या मर्यादा कोणत्या. सुमारे दीडशे ते अडीचशे शब्दांचा गोषवारा सर्वांत शेवटी लिहावा आणि सर्वांत आधी ठेवावा. शब्दमर्यादा व संदर्भ देण्याची पद्धत नियतकालिकाच्या सूचनांत दिलेली असते. ती काटेकोरपणे पाळली नाही तर लेख परीक्षकापर्यंत पोहोचतही नाही.

आदिलाबादवर लिहिणाऱ्याने एका गोष्टीकडे विशेष लक्ष द्यावे. 'आदिलाबाद जिल्हा' या नावाचा अर्थ काळानुसार बदलला आहे. १९५६ च्या भाषावार पुनर्रचनेपूर्वी किनवट आणि राजुरा हे आज महाराष्ट्रात असलेले तालुके याच जिल्ह्यात होते. हायमेनडॉर्फ आणि पगडी यांचे आदिलाबाद ते होय. त्यानंतर ११ ऑक्टोबर २०१६ रोजी जिल्ह्याचे विभाजन होऊन आदिलाबाद, निर्मल, मंचेरियाल आणि कोमरम भीम आसिफाबाद असे चार जिल्हे झाले. २०११ च्या जनगणनेत अखंड जिल्ह्याची लोकसंख्या २७,४१,२३९ होती. त्याच जनगणनेनुसार आजच्या आदिलाबाद जिल्ह्याच्या क्षेत्राची लोकसंख्या ७,०८,९७२ भरते. २०२१ ची जनगणना झाली नसल्यामुळे विद्यार्थी २०११ चेच आकडे घेतात आणि जवळजवळ चौपट मोठा आकडा आजच्या जिल्ह्याच्या नावावर लिहून मोकळे होतात. अशा एका आकड्याने संपूर्ण लेखावरील परीक्षकाचा विश्वास उडू शकतो. म्हणून लेखात प्रथमच 'येथे आदिलाबाद म्हणजे २०१६ नंतरचा जिल्हा' असे एक वाक्य असावे.

संमती, श्रेय आणि प्रामाणिकपणा

माणसांकडून माहिती घेतली असेल तर संमतीचा उल्लेख लेखात असावा लागतो. माहिती कशासाठी हवी, ती कोठे छापली जाणार आणि नाव द्यायचे की नाही, हे सांगणाऱ्याला त्याच्या भाषेत समजावून सांगून त्याचा होकार घ्यावा. लिहिता-वाचता न येणाऱ्या व्यक्तीचा तोंडी होकार साक्षीदारासमक्ष नोंदवता येतो. अठरा वर्षांखालील मुलांच्या बाबतीत पालकांची संमती आवश्यक असते. ही प्रक्रिया प्रकल्प सुरू होण्यापूर्वी करावयाची असते. लेख पाठवताना मागील तारखेची संमतिपत्रे तयार करणे ही शुद्ध फसवणूक आहे. औषधी वनस्पती किंवा कारागिरीची रीत यांसारख्या पारंपरिक ज्ञानाबाबत तर अधिक दक्षता हवी. आदिलाबादच्या डोकरा कलेला २०१८ मध्ये भौगोलिक निर्देशांक मिळाला, तो ही कला एका समाजाची ठेव आहे म्हणूनच. त्या समाजाला श्रेय न देता त्याची रीत छापणे न्याय्य ठरत नाही.

श्रेयाचा प्रश्न वर्गातही येतो. पाच जणांच्या गटात प्रत्यक्ष काम दोघांनी केले असेल तर लेखकांच्या यादीत पाच नावे कशी येणार? ज्याने विषय आखण्यात किंवा माहिती गोळा करण्यात भाग घेतला, लेखनात किंवा दुरुस्तीत सहभाग दिला आणि जो संपूर्ण लेखाची जबाबदारी घेण्यास तयार आहे, तो लेखक होय, हा सर्वमान्य निकष आहे. इतरांचे आभार मानावेत. हाच निकष शिक्षकालाही लागू होतो. मार्गदर्शन केले म्हणून शिक्षकाचे नाव आपोआप पहिले येत नाही. अनेक विद्यार्थी नियतकालिकांत तर शिक्षकाचे नाव केवळ मार्गदर्शक म्हणून दिले जाते. विद्यार्थ्याच्या कष्टावर स्वतःची पदोन्नती उभी न करणे, हा संशोधन-नीतीचा विद्यार्थ्याला मिळणारा पहिला पाठ असतो.

वाङ्मयचौर्यासंबंधी विद्यापीठ अनुदान आयोगाचे नियम २०१८ चे आहेत. दहा टक्क्यांपर्यंतच्या साधर्म्यास त्यात शिक्षा नाही आणि विद्यार्थ्यांसाठी शिक्षेच्या तरतुदी मुख्यतः पदव्युत्तर व संशोधन स्तरापासून लागू होतात. परंतु नियतकालिके पदवीच्या विद्यार्थ्याला सवलत देत नाहीत. येथे टक्केवारीपेक्षा सवय महत्त्वाची आहे. उतारा घेतला तर अवतरणचिन्हे आणि संदर्भ, आशय घेतला तरीही संदर्भ, ही सवय पहिल्या वर्षापासून लावावी लागते. कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने वापरली असल्यास नियतकालिकाच्या धोरणानुसार तसे नमूद करावे. अशा साधनाला लेखक मानता येत नाही, कारण ते चुकीची जबाबदारी घेऊ शकत नाही. ते न पाहिलेल्या ग्रंथांचे खोटे संदर्भही तयार करून देते. त्यामुळे यादीतील प्रत्येक संदर्भ विद्यार्थ्याने स्वतः उघडून पाहिला आहे, याची खात्री शिक्षकाने करावी.

एकच लेख एकाच वेळी दोन नियतकालिकांकडे पाठवू नये. चर्चासत्राच्या आयएसबीएन क्रमांक असलेल्या पुस्तकात संपूर्ण लेख आधीच छापला गेला असेल तर तो पुन्हा नवा म्हणून पाठवता येत नाही. 'जिज्ञासा' किंवा 'आविष्कार'मधील सादरीकरण सहसा आड येत नाही, मात्र त्याचा उल्लेख संपादकाला पाठवलेल्या पत्रात करावा.

परीक्षकाच्या पत्राला उत्तर

वर दिलेल्या काल्पनिक लेखावर परीक्षकाने तीन शेरे दिले, असे समजावे. पहिला : ६० निरीक्षणे एकाच दिवशीची आहेत की वेगवेगळ्या आठवड्यांची? दुसरा : ग्राहक गोंडी भाषक आहे हे कसे ठरवले? तिसरा : दिलेली लोकसंख्या कोणत्या सीमांची आहे?

तिसऱ्या शेऱ्याचे उत्तर सोपे आहे. आकडा दुरुस्त करावा आणि आभार मानावेत. पहिल्याचे उत्तर नोंदवहीत असते. निरीक्षणे दोनच दिवसांची असतील तर तसे लिहावे आणि निष्कर्षाची व्याप्ती कमी करावी. दुसरा शेरा मात्र विद्यार्थ्यांना थांबवतो. विचारणा केल्यावर लक्षात येते की, त्यांनी ग्राहकाची भाषा त्याच्या पेहरावावरून आणि चेहऱ्यावरून गृहीत धरली होती. कोणाला विचारले नव्हते. गटात स्वतः गोंड कुटुंबातील विद्यार्थी असूनही कोणालाच ते खटकले नाही. आता मार्ग दोनच उरतात. पुन्हा बाजारात जाऊन ग्राहकांना विचारून नवी निरीक्षणे घ्यावीत किंवा 'गोंडी भाषक' हा शब्द काढून केवळ ऐकलेल्या भाषेपुरतेच विधान करावे. दोन्ही मार्ग प्रामाणिक आहेत. तिसरा मार्ग, म्हणजे 'आम्ही विचारले होते' असे लिहून टाकणे, शिक्षकाने बंद करावयाचा असतो.

माणसाकडे पाहून त्याची भाषा ठरवू नये, हे वर्गात अनेकदा सांगितले जाते. परंतु आपणच तसे केले, हे अनोळखी वाचकाच्या एका प्रश्नाने उघड होते, तेव्हा ते कायमचे लक्षात राहते. तज्ज्ञ परीक्षणाचा खरा लाभ हा होय. लेख अखेरीस छापला गेला नाही तरी हा लाभ वाया जात नाही.

उत्तर लिहिण्याची रीत ठरलेली आहे. प्रत्येक शेरा जसाच्या तसा उतरवावा, त्याखाली काय बदल केला आणि तो कोणत्या पानावर आहे ते लिहावे. शेरा मान्य नसेल तर कारण आणि पुरावा देऊन, आदराने असहमती नोंदवावी. पत्र मिळाल्यावर दोन दिवस काहीही लिहू नये. तिसऱ्या दिवशी शिक्षकाबरोबर बसून ते पुन्हा वाचावे.

वेळ आणि भाषा

परीक्षणाला महिने लागत असल्यामुळे सहाव्या सत्राच्या अखेरीस लेख पाठवला तर उत्तर येईपर्यंत विद्यार्थी महाविद्यालयात नसतो. म्हणून चौथ्या सत्रात प्रश्न ठरवणे, पाचव्यात माहिती गोळा करणे आणि सहाव्याच्या आरंभी लेख पाठवणे हे वेळापत्रक सोयीचे ठरते. पत्रव्यवहारासाठी विद्यार्थ्याचा कायम चालू राहणारा ई-मेल द्यावा. मूळ नोंदवही, ध्वनिमुद्रणे आणि संमतिपत्रे यांची एक प्रत विभागात जपून ठेवावी. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नुसार चार वर्षांच्या पदवीत संशोधनासह ऑनर्सचा पर्याय आला आहे. पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के गुण मिळवणाऱ्यांसाठी तो आहे. जेथे हा अभ्यासक्रम चालतो तेथे वेळ अधिक मिळेल. पण ७५ टक्के न मिळालेल्या विद्यार्थ्याकडे निरीक्षणाची दृष्टी नसते असे नव्हे. नियतकालिक गुणपत्रिका मागत नाही.

भाषेची अडचण खरी आहे. बहुतेक विद्यार्थी नियतकालिके इंग्रजीत निघतात. मराठी, तेलुगू किंवा उर्दू माध्यमातून आलेल्या विद्यार्थ्याने आधी आपल्या भाषेत संपूर्ण लेख लिहावा आणि विचार पक्का झाल्यावर इंग्रजीत आणावा. प्रथमच इंग्रजीत लिहिताना विद्यार्थी आपल्याला म्हणावयाचे ते न म्हणता, जे लिहिता येते तेच म्हणतो. मुलाखतीतील महत्त्वाची वाक्ये मूळ गोंडी, कोलामी किंवा मराठीत देऊन खाली भाषांतर द्यावे. कोणत्या लिपीत आणि कोणत्या पद्धतीने ती लिहिली, तेही सांगावे. इंग्रजी सुधारून देणारा सहकारी शिक्षक हा लेखक ठरत नाही, पण त्याच्या मदतीचा उल्लेख जरूर करावा.

समारोप

संशोधन म्हणजे विद्यापीठातील मोठ्या प्रयोगशाळेत होणारी गोष्ट, ही समजूत लहान गावांतील महाविद्यालयांत अद्याप पक्की आहे. आदिलाबादसारख्या जिल्ह्यावर बाहेरच्या अभ्यासकांनी भरपूर लिहिले, येथील तरुणांनी त्या मानाने फार थोडे लिहिले. त्यांच्याजवळ भाषा आहे, गाव आहे, वडीलधाऱ्यांचा विश्वास आहे. उणीव आहे ती आपले म्हणणे अनोळखी वाचकाला तपासू देण्याच्या सवयीची. ती सवय लावणे शिक्षकाच्या हातात आहे आणि त्यासाठी अनुदानाची वाट पाहावी लागत नाही.

आरंभ करावयाचा असेल तर विभागाच्या कपाटातून मागील तीन वर्षांचे अहवाल काढून वाचावेत. ज्यात विद्यार्थ्याने स्वतः पाहिलेले, मोजलेले किंवा ऐकलेले काही आहे असा एकच अहवाल निवडावा आणि त्या विद्यार्थ्याला दूरध्वनी करून बोलावून घ्यावे. लेख प्रसिद्ध झाल्यावर त्याची एक प्रत, सोप्या भाषेतील सारांशासह, ज्यांनी माहिती दिली त्यांच्या गावीही पोहोचवावी. आपण सांगितलेले कोठे गेले, हे जाणण्याचा पहिला अधिकार त्यांचा आहे.